चिपटेभर तांदूळ

टोकियोहून परतल्याला आता दोन वर्षे होत आली, तरी जिंतूरला माझी ओळख अजून ‘कच्चे मासे खाऊन आलेले सर’ अशीच आहे. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात सकाळी आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी चहाला बसतो. तिथे एखादा नवा माणूस आला की कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून हा विषय काढतोच. मग ठरलेला प्रश्न येतो, “खरंच कच्चे होते का हो?” मी ‘हो’ म्हटले तर ऐकणारा तोंड वाकडे करतो आणि ‘नाही’ म्हटले तर ते खोटे ठरते. ज्याने उभा जन्म शाळेत इतिहास शिकविला, त्याला अर्धवट उत्तर देऊन स्वस्थ बसवत नाही. चहाच्या एका कपात जे सांगून होत नाही ते दिवाळीच्या निवांतपणात लिहून काढावे, असे ठरविले.

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नेमगिरीची जैन लेणी आणि चारठाण्याची जुनी मंदिरे यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते माहीत असते. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. अशा गावाचा जपानशी संबंध काय, असे कोणी विचारील. पहिला संबंध कापसाचा. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीशी करार करून मुंबई ते कोबे अशी आगबोटींची वाहतूक सुरू करविली, ती मुख्यतः हिंदुस्थानचा कापूस तिकडच्या गिरण्यांना स्वस्त भाड्यात पोहोचावा म्हणून. १९०० च्या सुमारास परभणीवरून रेल्वे गेली आणि आमच्या काळ्या मातीतला कापूसही मुंबईच्या बाजारात सुलभपणे जाऊ लागला. त्यातल्या किती गाठी कोबेला उतरल्या हे कोण सांगणार? पण शंभर वर्षांनी मुले गेली, ती मात्र मोजता येतात. संगणकांना सन २००० ची तारीख कळेनाशी होईल या धास्तीने जपानी कंपन्यांनी भारतातून तरुण बोलाविले, आणि त्यांची मोठी वस्ती टोकियोच्या पूर्वेस, एदोगावा वॉर्डातील निशि-कासाई या भागात झाली. आज तिथे किराणा दुकानात तूरडाळ मिळते. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. माझा मुलगा याच निशि-कासाईत राहतो.

मुलाच्या घराच्या गच्चीवरून त्याने मला दक्षिणेचा समुद्र दाखविला आणि सांगितले, “बाबा, पूर्वी हा किनारा पुष्कळ अलीकडे होता. हा सगळा भराव आहे.” मी चौकशी केली तेव्हा कळले की कासाईचा किनारा एके काळी ‘नोरी’साठी प्रसिद्ध होता. नोरी म्हणजे समुद्रातले शेवाळ पातळ थापून कागदासारखे वाळविलेले पान. सुशीच्या गुंडाळ्या याच पानात वळतात. १९६० च्या दशकात खाडीचे पाणी कारखान्यांनी नासविले, भराव पडले, कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले आणि नोरीची वाळवणे उठली. ज्या जागी ती पसरत, त्याच भागात आज मराठी मुले शाळेच्या बसची वाट पाहत उभी असतात. जपानी जेवणाचा इतिहास शोधायला मला मुलाच्या दारापासूनच सुरुवात करता आली.

आमच्या सौभाग्यवती माळकरी आहेत. त्या सूनबाईंबरोबर घरीच राहिल्या. मी मात्र पूर्णेच्या काठी आजोळी वाढलो, त्यामुळे मासळी मला परकी नाही. मुलाने महिनाभर आधी दूरध्वनी करून गिंझा भागातल्या एका जुन्या पद्धतीच्या सुशीच्या दुकानात दोन जागा राखून ठेवल्या होत्या. गल्ली अरुंद, पाटी लहान, दारावर निळ्या कापडाचा आखूड पडदा. आत हिनोकीच्या लाकडाचा एकच लांब फळा, त्याच्या अलीकडे नऊ खुर्च्या आणि पलीकडे साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ. मुलाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि ‘ओमाकासे’ असे म्हटले. ‘तुमच्यावर सोपविले’ असा त्याचा अर्थ. काय खायचे हे खाणाऱ्याने सांगायचे नाही. वाढणारा ठरवील ते, तो ठरवील त्या क्रमाने. आपल्याकडे हा अधिकार फक्त आईचा आणि लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्याचा असतो.

ते गृहस्थ डाव्या हाताने माशाची चकती उचलीत, उजव्या हाताने लाकडी कठड्यातला भात घेत, दोन-तीन वेळा दाबून मुटका करीत आणि तो समोर ठेवीत. सगळा प्रकार चार-पाच सेकंदांचा. भात हाताला कोमट लागत होता. ठेवल्याबरोबर खावे, हाताने खाल्ले तरी चालते, असे मुलाने सांगितले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी शिक्षक असल्यामुळे हिशेब ठेवला. एकंदर बारा मुटके झाले. त्यांत पूर्ण कच्चे मासे चार. बाकीच्यांत कोळंबी उकडलेली, सापासारखा लांबट ‘आनागो’ मासा गोड रसात शिजविलेला, ‘कोहादा’ नावाची लहान चंदेरी मासळी मिठात आणि सिरक्यात मुरविलेली, ट्यूना सोयाबीनच्या खाऱ्या रसात बुडवून ठेवलेला आणि शेवटी अंड्याची गोडसर वडी. चहाच्या टेबलावरच्या प्रश्नाला हे पहिले उत्तर. अर्ध्याहून अधिक वेळा मी कच्चे काही खाल्लेच नाही.

दुसरे उत्तर असे की ‘सुशी’ या शब्दात मासा नाहीच. जुन्या जपानीत त्या शब्दाचा रोख आंबटपणाकडे आहे आणि आज तो शब्द आंबविलेल्या चवीच्या भाताला लागतो. भात आंबट का, याचे उत्तर सापडले की सगळा इतिहास उलगडतो.

ज्या प्रदेशात भात पिकतो आणि पावसाळ्यात शेतात, ओढ्यात मासे येतात, तिथे एकाच ऋतूत मासे उदंड आणि पुढे वर्षभर दुष्काळ, अशी स्थिती असते. मासे टिकविण्यासाठी लोकांनी ते मिठात घातले आणि मग शिजविलेल्या भातात दडपून ठेवले. भात आंबला की त्या आंबटपणाने मासा नासत नाही. नाओमिचि इशिगे या जपानी अभ्यासकांनी या रीतीचे मूळ मेकाँग नदीच्या खोऱ्याकडे शोधले आहे. तिथून ती भातशेतीबरोबर पूर्वेकडे सरकली असावी. जपानात इसवी सन ७१८ च्या कायदेसंहितेत करभरणा म्हणून द्यावयाच्या वस्तूंत हा आंबविलेला मासा सापडतो. म्हणजे सरकारी खजिन्यात जमा होण्याइतका तो टिकाऊ होता. क्योतोजवळच्या बिवा सरोवराकाठी हा प्रकार आजही करतात. तिथला ‘फुना’ हा आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातला गोड्या पाण्यातला मासा महिनोन्‌महिने मिठात आणि मग वर्षभर किंवा अधिक काळ भातात राहतो. खाताना पूर्वी भात टाकून देत, कारण तो नुसता डबा होता.

हे मला मुलाने सांगितले नाही, मी नंतर वाचले. वाचताना मला आमच्या आठवडी बाजारातली सुकटीची आणि बोंबलाची दुकाने दिसत होती. समुद्रापासून एवढ्या दूर ही मासळी मीठ आणि ऊन यांच्या जिवावर येते. आमच्या घरचे सांडगे, खारोड्या, उन्हाळ्यातली ज्वारीची आंबील यांच्यामागचा विचारही तोच. नासणार असेल ते आपणच आधी आपल्या पद्धतीने आंबवून किंवा वाळवून घ्यावे. सुशी ही आरंभी माणसाच्या फडताळातली वस्तू होती, जिभेच्या चोचल्यांची नव्हे.

पुढे लोकांना वाट पाहणे जड जाऊ लागले. मध्ययुगात मासा पुरता आंबण्याआधीच काढून भातासकट खाऊ लागले. भात फेकण्याची चैन कोणाला परवडणार? मग एदोच्या काळात भात आंबण्याची वाटच न पाहता त्यात सिरका घालून आंबटपणा आणण्याची युक्ती निघाली. सिरका महाग असे. १८०४ साली हांदा या बंदरगावी नाकानो मातासाएमोन नावाच्या दारू गाळणाऱ्याने दारूचा उरलेला चोथा घेऊन त्यापासून स्वस्त, लालसर सिरका केला आणि गलबतांनी एदोला पाठविला. एदो म्हणजे आजचे टोकियो. तेव्हाच ते दहा लाख वस्तीचे शहर होते. त्यात एकटे राहणारे मजूर, सुतार, हमाल फार. वारंवार आगी लागत आणि सुतारांना काम भरपूर असे. अशा घाईच्या माणसाला उभ्या उभ्या खाण्यासारखे काहीतरी हवे होते. १८२० च्या दशकात र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेइ याने सिरक्याच्या भाताचा मुटका हातात दाबून, त्यावर वसाबीचे बोट आणि माशाचा तुकडा ठेवून गिऱ्हाइकाच्या हातात दिला, असे मानतात. हीच आजची ‘निगिरी’ सुशी.

तेव्हा गिंझातल्या त्या दुकानाला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो ती परंपरा सुमारे दोनशे वर्षांची, आणि तीही गाड्यावरची. त्या वेळचा मुटका आजच्या दुपटीहून मोठा असे. दोन-तीन खाल्ले की मजुराचे पोट भरे. बर्फ नव्हता, म्हणून कोहादा सिरक्यात, ट्यूना सोयाच्या रसात आणि आनागो शिजवून ठेवावा लागे. ज्याला आज कारागिरी म्हणून आपण मान देतो, ती मुळात मासा संध्याकाळपर्यंत टिकावा म्हणून केलेली धडपड आहे. गिऱ्हाईक जाताना सोयाने भरलेली बोटे दारावरच्या पडद्याला पुशी आणि ज्याचा पडदा जास्त मळका त्याचा माल चांगला, असा तर्क लोक करीत, असे सांगतात. आमच्या दुकानाचा पडदा परीटघडीचा होता. मी बोटे गरम रुमालाला पुसली.

ट्यूनाची गोष्ट याहून मौजेची आहे. त्याचा चरबीचा भाग एदोतल्या लोकांना आवडत नसे, आणि तो लवकर नासेही. ‘मांजरसुद्धा ओलांडून जाईल’ असे त्याला हिणवीत. २०१९ च्या जानेवारीत टोकियोच्या तोयोसु बाजारातल्या वर्षारंभीच्या लिलावात २७८ किलोंचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनांना गेला. दोनशे वर्षांत मांजर तेच राहिले, माणूस बदलला.

गाड्यावरची ही सुशी साऱ्या जपानची झाली, ती दोन आपत्तींमुळे. पहिली, १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप. टोकियो जळून गेले, निहोनबाशीचा शेकडो वर्षांचा मासळीबाजार नष्ट झाला आणि त्याच्या जागी त्सुकिजीचा बाजार १९३५ साली उभा राहिला. तो पुढे २०१८ साली तोयोसुला हलला. भूकंपाने बेकार झालेले सुशीचे कारागीर आपापल्या गावी परतले आणि आपली विद्या बरोबर घेऊन गेले. दुसरी आपत्ती युद्धातल्या पराभवाची. तिच्याविषयी मला त्या फळ्यापलीकडच्या गृहस्थांकडून कळले, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

जेवण संपत आले होते. मी मुलाला म्हटले, “यांना विचार, प्रत्येकाला इतकेच मुटके का? मागणाऱ्याला वीस देत नाहीत का?” मुलगा जरा ओशाळला, पण त्याने विचारले. गृहस्थ हसले. हात पुसून मागच्या फळीवरून त्यांनी एक लहान चौकोनी लाकडी पेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. काळपट झालेली, कोपरे झिजलेले. ते धान्याचे माप होते. एक ‘गो’ मावेल एवढे. गो हे त्यांचे जुने माप आपल्या चिपट्याच्या जवळपासचे, थोडे लहानच. त्यात तांदूळ सुमारे दीडशे ग्रॅम बसतो.

युद्धानंतर जपानात अन्नाची दशा फार वाईट होती. तांदूळ शिधापत्रिकेवर, तोही अपुरा. ज्याला जगायचे त्याने काळ्या बाजारात जायचे, हे सर्वांना ठाऊक होते. काळ्या बाजाराचे खटले चालविणारे टोकियोचे एक तरुण न्यायाधीश, यामागुची योशितादा, यांनी आपण तरी तिथले अन्न खाणार नाही असे ठरविले आणि १९४७ च्या ऑक्टोबरात ते उपासमारीने वारले. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारने उपाहारगृहांवर बंदी घातली. सुशीचा धंदा बुडणार हे दिसत होते. तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांच्या संघाने एक तोड काढली. आम्ही जेवण विकत नाही, गिऱ्हाइकाने आणलेल्या तांदळाची सुशी करून देतो आणि फक्त मजुरी घेतो. अधिकाऱ्यांनी ते मानले. गिऱ्हाइकाने एक गो तांदूळ आणायचा आणि दहा मुटके घेऊन जायचे. मासळीवरही नियंत्रण होते, म्हणून वर घालायला शिंपल्यांतले मांस, नदीतले मासे, दुधी भोपळ्याच्या वाळविलेल्या पट्ट्या, जे मिळेल ते. ही सवलत पुढे इतर प्रांतांनीही घेतली. ती टोकियोच्या हातच्या मुटक्यासाठी होती, म्हणून ठिकठिकाणचे वेगळे सुशीप्रकार मागे पडले आणि टोकियोचा प्रकार देशभर ‘सुशी’ म्हणून रुजला. मुटक्याचा आकार लहान झाला आणि एका माणसाचा वाटा म्हणजे दहाच्या आसपास, हा अंदाजही त्या काळापासून बसला.

गृहस्थ सांगत होते आणि मुलगा थोडे थोडे मराठीत आणीत होता. ते माप त्यांच्या वडिलांचे. वडील सांगत की लोक रुमालात, मोज्यात, औषधाच्या पुडीत तांदूळ बांधून आणीत. कोणाचा पांढरा, कोणाचा किडका, कोणाच्या तांदळात खडे. वडील माप घेत आणि सगळा एकाच पातेल्यात ओतीत. “मग चांगला तांदूळ आणणारे कुरकुरत नसत का?” असे मी विचारले. मुलाने उत्तर मराठीत केले ते असे, “वेगवेगळा शिजविला असता तर कोणी काय आणले ते सगळ्या दुकानाला दिसले असते.”

यावर मी काही बोललो नाही. मुलाला वाटले, मला तिखट लागले. वसाबीने डोळ्यांत पाणी येतेच.

१९७२ साली मी परभणीला कॉलेजात होतो. जिंतूरहून परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आम्ही खेड्यापाड्यांतली सात-आठ मुले एका विधवा बाईंच्या खाणावळीत जेवत असू. त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. पैशांचा भरणा थोडा, मुख्य भरणा शिध्याचा. महिन्याच्या आरंभी प्रत्येकाच्या घरून ज्वारीची पिशवी यायची. माझी पिशवी वडील एस.टी.च्या टपावर टाकून पाठवीत. ते चिपट्याने मोजून पिशवी भरीत आणि वर एक चिपटे जास्त घालीत, ‘मावशीच्या नावाचे’ म्हणून.

त्या आधीची दोन वर्षे पाऊस दगा देत होता. बहात्तर साली तर मृग कोरडा गेला आणि पुढेही आभाळ भरलेच नाही. आमच्या शेतात कडबासुद्धा झाला नाही. वडील आणि आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या अशा कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती, त्यांत हे दोघे. ज्वारी बाजारात दिसेना. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्या महिन्याची माझी पिशवी आली, ती मिलोची होती. वर एक चिपटे जास्त होतेच.

मिलोच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापताना तुटे, तव्यावरून काढताना तुटे आणि तिचा तांबूस रंग लपत नसे. खाणावळीतल्या दोघा मुलांच्या घरी विहीर बागायत होती, त्यांची ज्वारी पांढरीशुभ्र येई. उद्या ताटात माझ्यापुढे तांबडी भाकरी येणार आणि त्यांच्यापुढे पांढरी, या विचाराने मी रात्रभर जागा होतो. दुसऱ्या दिवशी ताटे आली. सगळ्यांच्या भाकऱ्या सारख्याच, फिकट तांबूस. मावशींनी सगळ्या पिशव्या एकत्र करून एकच दळण टाकले होते. बागायतदाराचा मुलगा म्हणाला, “मावशी, माझी ज्वारी कुठं गेली?” त्या तव्याकडे पाहत म्हणाल्या, “माझ्या घरी दळण एकच असतं, बाबा. गिरणीवाला चार वेळा थांबत नाही.”

मी ते खरे मानले. गिरणीच्या सोयीसाठी मावशींनी असे केले, असे मी पन्नास वर्षे समजत आलो. कोणाला सांगितलेही नाही, मुलाला तर नाहीच. शिकलेल्या, कमावत्या मुलापुढे मिलोची गोष्ट काढण्यात काय अर्थ, असे वाटे. खरे म्हणजे लाज वाटे. गिंझातल्या त्या फळ्याशी बसून एका परक्या माणसाच्या तोंडून ते उत्तर ऐकले तेव्हा मावशींच्या गिरणीवाल्याचा अर्थ मला कळला. मावशी त्या वेळी पन्नाशीच्या असतील. आता त्यांना विचारायची सोय नाही.

परत येताना रात्रीच्या गाडीत मी मुलाला हे सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. निशि-कासाई स्थानक आले तरी उठला नाही. आम्ही पुढच्या स्थानकावर उतरून उलट आलो.

इतिहास शिकविताना मी मुलांना सांगत असे की सनावळी पाठ करू नका, पण दोन ठिकाणच्या सनावळ्या शेजारी ठेवून पाहा. त्याप्रमाणे मीही पाहिले. १९४७ साली टोकियोतली माणसे रुमालात तांदूळ बांधून दुकानाशी उभी होती, तेव्हा जिंतूर निजामाच्या राज्यात होते आणि आमचे आजोबा धान्याची लेव्ही भरून उरले त्यावर घर चालवीत होते. १९७२ साली आमच्याकडे मिलो आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात कॅनडाच्या किनाऱ्यावर पकडलेले ट्यूना मासे पहिल्यांदाच विमानाने टोकियोच्या बाजारात उतरले. जपानची यंत्रे घेऊन जाणारी विमाने परतताना रिकामी येत, त्यांत भरायला काहीतरी हवे होते. ज्या देशाने पंचवीस वर्षांपूर्वी चिपट्याने तांदूळ मोजला, त्याचे विमान आता समुद्रापलीकडून मासे आणीत होते. मला याचा हेवा वाटत नाही, पण त्या भरभराटीने पुढे समुद्रातला ट्यूना इतका उपसला की त्याच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय मर्यादा घालाव्या लागल्या, हेही त्याच इतिहासातले पान आहे.

दरम्यान सुशी गरिबाकडेही परतली. १९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी या दुकानदाराने बिअरच्या कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरच्या बाटल्या पाहून तसाच पट्टा आपल्या दुकानात बसविला. बश्या गिऱ्हाइकासमोरून फिरत राहतात, हवी ती उचलावी. माझे नातू तिथेच खूश असतात आणि काकडीची सुशी खातात. आमच्या सौभाग्यवतीही तिथे आल्या आणि त्यांनी दुधी भोपळ्याच्या पट्टीची गुंडाळी मागविली. त्या पट्ट्या ज्या पाण्यात शिजवितात त्यात माशाचा अंश असतो, असे सूनबाईंनी वेळीच सांगितले, म्हणून माळ वाचली.

गिंझातल्या त्या जेवणाचे बिल किती झाले, ते मी इथे लिहीत नाही. मुलाने मला दाखविले नाही आणि मी डोकावून पाहिले, हे त्याला ठाऊक नाही. त्या पैशांत आमच्या खाणावळीतल्या आठ मुलांचे किती महिने निघाले असते, हा हिशेब मी तिथल्या तिथे करू लागलो होतो. पण फळीवरचे ते माप पाहिल्यावर हिशेब राहिला. श्रीमंती थाटाच्या त्या दुकानात ते दर्शनी ठेवलेले नव्हते. विचारले म्हणून निघाले. पारंपरिक म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर निळा पडदा, हिनोकीचा फळा आणि लांब सुरी यांच्याआधी मी त्या झिजलेल्या पेटीचे नाव घेईन.

गेल्या दिवाळीला मुलगा जिंतूरला आला तेव्हा त्याने पहिल्या दिवशीच विचारले, “बाबा, आजोबांचं चिपटं आहे का घरात? मला टोकियोला न्यायचंय.” मी म्हटले, माळ्यावर असेल, शोधू. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चिपटे त्यांच्या हातातच होते, खिचडीसाठी तांदूळ काढीत होत्या. गेली पन्नास वर्षे ते पिठाच्या डब्याशेजारी असते आणि मी ते रोज पाहतो. “हे नेलंस तर मी तांदूळ कशानं मोजू?” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी आणखी एक चिपटे तांदूळ घेतला, कारण आम्ही त्या दिवशी एक माणूस जास्त होतो.